घरी शिकणाऱ्या मुलीला विमानाचं काम शिकवायचं तर

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बारा वर्षांची, पाचवीनंतर शाळेतून काढलं, तेव्हापासून घरीच शिकते. गेली दोन वर्षं विमानांखेरीज विषय नाही, व्हिडिओ बघून बघून सगळ्या विमानांची नावं पाठ. वाढदिवसाला महागडं ड्रोन कीट आणून दिलं, ते आठवड्यात मोडून पडलं. वडिलांचं म्हणणं, गणितात मागे आहे, आधी ते बघा, खेळ पुरे. आईवडील दोघंही इंजिनीअर नाहीत. हाताने करायला काय द्यावं, आणि पुढे या क्षेत्रात जायचं तर शाळा नसल्याने अडेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी जन्मभर विमान देखभालीत होतो. आधी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, मग हँगरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या शेडमध्ये, आणि आता निवृत्तीनंतर मुलांना ग्लायडर बनवायला शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर कॉलेजातल्या प्राध्यापकासारखं येणार नाही, मेकॅनिकसारखं येईल.

ड्रोन कीट सध्या कपाटावर ठेवा. ते मोडलं याचं वाईट वाटून घेऊ नका, पण त्यातून ती फारसं शिकलीही नसती. चार पंख्यांचा ड्रोन स्वतःहून स्थिर राहतच नाही. आतला छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा मोटारींचा वेग कमीजास्त करून त्याला सरळ धरून ठेवतो. म्हणजे विमान का उडतं, का पडतं, याचं उत्तर एका चिपमध्ये बंद. मुलीने चार स्क्रू पिळले, वायरी जोडल्या, आणि पडल्यावर का पडलं हे सांगायला तिच्याकडे काही नाही. पहिली दोन वर्षं तिच्या हातात अशीच वस्तू हवी, जिच्या प्रत्येक तुकड्याबद्दल ती तोंडाने सांगू शकेल: हा इथे का, एवढाच का, आणि काढला तर काय होईल.

म्हणून ग्लायडर. साधा, बिनइंजिनाचा, हाताने सोडायचा. ‘हे तर लहान मुलांचं’ म्हणून ती नाक मुरडेल. मुरडू द्या.

बाल्सा लाकूड मागवायची घाई नको, महाग पडतं आणि शिकाऊ हातात वाया जातं. पाच मिलिमीटरची फोम शीट घ्या. पंख ४० सेंमी लांब, ८ सेंमी रुंद. अंगाला पतंगाची कामटी किंवा बांबूची सरळ काडी. मागची आडवी शेपटी १६ बाय ५, म्हणजे पंखाच्या क्षेत्रफळाच्या पाव हिस्सा. उभी शेपटी त्याच्या निम्म्याहून कमी. पंख मधोमध कापून असा जोडायचा की दोन्ही टोकं मध्यापेक्षा तीनेक सेंमी वर राहतील. वाऱ्याने एका बाजूला कलला तर तो आपला आपण सावरतो तो या उठावामुळे. नाकाला मातीची, म्हणजे मुलांच्या क्लेची, गोळी. चिकटवायला फेव्हिकॉल. फेविक्विक फोम आणि थर्माकोल खातं, हे मात्र तिला आधी सांगू नका. एका तुकड्यावर स्वतः टाकून बघू दे. कुठला पदार्थ कुठल्या पदार्थाला चालतो हा आमच्या धंद्यातला फार मोठा विषय आहे, आणि त्याची सुरुवात इतक्या स्वस्तात होते.

हे सगळं मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास भरेल. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता ऑनलाइन काही शेकड्यांत मिळतो. मी एकच महागडी वस्तू घ्यायला सांगेन, ती हा काटा. तसे दोन घेतले तर उत्तम, कारण वडिलांची गणिताची तक्रार इथेच सुटायला लागते.

विमानाचा गुरुत्वमध्य कुठे आहे, हे बोटावर तोलून कळतं. पण तिला तो हिशेबाने काढायला लावा. नाकाच्या टोकापासून ५ सेंमीवर एक काटा, ३० सेंमीवर दुसरा. समजा पुढचा ९ ग्रॅम दाखवतो, मागचा ६. नऊ पंचे पंचेचाळीस, सहा गुणिले तीस एकशे ऐंशी, बेरीज २२५, भागिले एकूण वजन १५. उत्तर १५ सेंमी. पंखाची पुढची कड नाकापासून १३ सेंमीवर असेल, तर गुरुत्वमध्य तिच्या मागे २ सेंमी, म्हणजे रुंदीच्या २५ टक्क्यांवर आला. पहिल्या उड्डाणाला हीच जागा चांगली. एअरबसचं वजन करताना आम्ही हेच करायचो. काटे मोठे, आकडे टनांत, गणित तेच. पंचवीस टक्के म्हणजे काय हे ज्या मुलीला पुस्तकात कळत नव्हतं, तिला ते इथे कळतं, कारण उत्तर चुकलं की विमान नाकावर आपटतं.

उडवायला मोकळं मैदान पहिल्यांदा नकोच. आठवड्याच्या मधल्या दिवशी एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल तासभर मागा, तिथे वारा नसतो. फेकायचं नाही, सोडायचं. नाक किंचित खाली, वेग धावत्या चालीचा. का तेही हिशेबाने निघतं: ३२० चौरस सेंमीच्या पंखाला १५ ग्रॅम उचलायचे तर साधारण सेकंदाला साडेतीन मीटर वेग लागतो. मुलं जिवाच्या आकांताने फेकतात, विमान गरकन वर जातं, थांबतं आणि पडतं. वर चढून, थबकून, पुन्हा खाली सूर मारत लाटा काढत गेलं तर नाकाला चिमूटभर क्ले वाढवा. सरळ खाली घुसलं तर थोडी काढा. एका वेळी एकच बदल. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

नीट उडायला लागलं की एक प्रयोग करून घ्या, माझा फार आवडता. दोन मीटर उंचीवरून सोडून ते किती लांब जातं ते मोजा. दहा मीटर गेलं तर एकास पाच. आता गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली पंधरा ग्रॅम क्ले चिकटवा, वजन दुप्पट. ‘आता किती लांब जाईल?’ असं आधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. मोठी माणसंही ‘निम्मं’ म्हणतात. प्रत्यक्षात अंतर जवळपास तेवढंच भरतं, फक्त ते दीडपटीच्या जवळपास वेगाने जातं. स्टॉपवॉच लावलं तर नव्या आणि जुन्या वेगाचं गुणोत्तर १.४ च्या आसपास येतं, म्हणजे दोनचं वर्गमूळ. वर्गमूळ कशाला शिकायचं असं ती पुन्हा विचारणार नाही.

आता वहीबद्दल, कारण मला खरं सांगायचं आहे ते हेच. आमच्याकडे काम झालं असं कोणी तोंडी म्हणत नाही. काय केलं, कोणत्या पुस्तिकेच्या कोणत्या परिच्छेदाप्रमाणे केलं, कोणता भाग बसवला, हे लिहून त्याखाली सही होते. ती सही म्हणजे ‘हे विमान माणसं घेऊन जायला योग्य आहे असं मी म्हणतो’. सुकाणूच्या तारांसारख्या कामावर तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासून दुसरी सही करावी लागते. तुमच्या मुलीला घरी हे पहिल्या दिवसापासून लावता येईल. शंभर पानी वही. प्रत्येक विमानाला नंबर. तारीख, वजन, गुरुत्वमध्य, काय बदललं, काय होईल असं वाटत होतं, काय झालं, आणि सही. उडवण्याआधी तुम्ही किंवा तिचे वडील तपासणार. तुम्ही इंजिनीअर नसलात तरी चालतं, चांगलंच आहे. ‘हे इथे का लावलंस?’ असं विचारायचं आणि तिला समजावून सांगायला लावायचं. समजलं नाही तर सही करायची नाही.

हे कशासाठी, ते तिला दोन खऱ्या घटनांतून सांगा. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. उड्डाणाच्या साधारण सत्तावीस तास आधी रात्रपाळीत ती काच बदलली होती. नव्वदपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा बारीक होते. किती बारीक? व्यासात पाऊण मिलिमीटरही नाही. जुना बोल्ट हातात धरून डोळ्याने जुळवून घेतले होते, पुस्तिकेत नंबर बघितला नव्हता. ही गोष्ट सांगितल्यावर तिच्या हातात व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं हत्यार, द्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून मिसळ आणलेले चार आणि पाच मिलिमीटरचे बोल्ट वेगळे करायला सांगा. आधी डोळ्याने, मग मोजून. दोन्ही निकाल वहीत.

दुसरी घटना कॅनडातली, २३ जुलै १९८३. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चा इंधनमापक बंद होता. टाकीच्या मापकाठीने मोजलं: ७,६८२ लिटर. लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करताना १.७७ ने गुणलं, पण तो आकडा पौंडांचा होता. किलोसाठी ०.८ च्या आसपास हवा. मुलीला म्हणा, त्यांनी किती लिटर भरले आणि किती भरायला हवे होते, तू काढ. पाच हजारांच्या आत आणि वीस हजारांच्या आसपास, अशी दोन उत्तरं आली की ती वहीकडे बघत बसेल. ४१ हजार फुटांवर इंधनाचे इशारे वाजायला लागले, थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली आणि एवढं मोठं विमान ग्लायडर झालं. सह-वैमानिकाने उतरता उतरता काढलेलं प्रमाण एकास बाराच्या जवळपास होतं. तिच्या फोमच्या विमानाचं एकास पाच. गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर ते उतरलं, सगळे वाचले.

अशा दोनचार गोष्टी घेतल्या की भाषा, गणित, विज्ञान एकाच टेबलावर येतात. शाळेच्या तासाप्रमाणे वेगळं वेगळं शिकवावं लागत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाचा हाच तर फायदा, एका प्रश्नावर तीन आठवडे बसायला कोणी घंटा वाजवत नाही.

पुढच्या वर्षी वाऱ्याचा बोगदा. पुठ्ठ्याचा लांब खोका, एका टोकाला टेबलफॅन, दुसरं उघडं. पंखा हवा आत ढकलणारा नको, बाहेर खेचणारा लावायचा. ढकलला की हवा गरगरत येते. उघड्या तोंडाशी शीतपेयाच्या नळ्यांची जुडी ठेवली की प्रवाह सरळ होतो. बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. पंख काडीवर उभा करून काडी काट्यावर ठेवायची, काटा शून्य करायचा आणि पंखा लावायचा. काटा वजा दाखवायला लागला तर तेवढी उचल. पंखाचा कोन दोन-दोन अंशांनी वाढवत आलेख काढायचा. एका ठिकाणी उचल वाढायची थांबून घसरते, तो स्टॉल. पंखाच्या वरची हवा खालच्या हवेला गाठायला म्हणून जोरात पळते, असं तिने कुठेतरी वाचलेलं असणार. ते चूक आहे. वरची हवा पंखाच्या मागच्या कडेला खालचीपेक्षा आधीच पोचते. उदबत्तीचा धूर फुंकून फुंकून सोडला तर तिला बघताही येईल, घाई नको.

राइट बंधूंनी १९०१ च्या शेवटी असाच सहा फुटी खोका बनवून दोनशेच्या आसपास पंखांचे आकार तपासले, कारण त्यांच्या काळच्या तक्त्यांतून काढलेली उचल प्रत्यक्षात मिळत नव्हती. त्या हिशेबातला हवेच्या दाबाचा एक जुना गुणांक जवळपास दीडपट फुगलेला निघाला. दोघांपैकी कोणाकडेच हायस्कूलचं प्रमाणपत्र नव्हतं, हे तुमच्या घरी सांगायला हरकत नाही, पण लगेच पुढचंही सांगा: मोजमापाच्या वह्या मात्र होत्या. आणि त्यांचं १२ अश्वशक्तीचं इंजिन सहा आठवड्यांत त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने घडवलं. आमच्या जमातीचा मूळपुरुष तो.

याच ओघात गिरगाव चौपाटीवर शिवकर तळपदे यांनी १८९५ साली विमान उडवल्याची गोष्ट तिच्यापर्यंत येईलच, मराठी घरात येतेच. झिडकारू नका, अभ्यासाला घ्या. त्या उड्डाणाचा त्या काळचा विश्वासार्ह पुरावा मिळालेला नाही. ज्या संस्कृत ग्रंथाशी गोष्ट जोडतात, त्यातल्या विमानांची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली केली आणि ती उडू शकणार नाहीत असं दाखवलं. तिला विचारा, वजन किती लिहिलंय, पंख किती, इंजिन काय? आपल्या वहीत जे रकाने आहेत ते तिथे भरता येतात का?

आता धातू. चौदाव्या वर्षाच्या सुमाराला हात त्यात घालू द्या. थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, हातमोजे घालून, दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून तीन मिलिमीटरच्या नट-बोल्टने जोडायच्या. एका जोडात भोक कडेपासून तीन मिलिमीटरवर, दुसऱ्यात सहावर. खाली बादली लटकवून लिटर-लिटर पाणी ओतत जायचं. बादली जमिनीपासून वीतभरच वर, पाय बाहेर. कडेजवळचा आधी फाटतो. रिवेटचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीचा, मध्य कडेपासून किमान दोन व्यास आत हवा, हा आमचा नियम तिला मग पाठ करावा लागत नाही. भोक पाडल्यावर कडेचा कुसळासारखा बर काढायची सवयही इथेच लावा. खराब भोकाच्या कडेला तडा सुरू होतो. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचं छप्पर उडालं, ते रिवेटच्या भोकांशी वाढलेल्या अशाच बारीक तड्यांनी.

लॉकवायरही शिकवण्यासारखी. बोल्ट हादऱ्याने सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून पीळ देतात. नेहमीच्या जाडीच्या तारेला इंचात सहा ते आठ पीळ, आणि ताण अशा बाजूला की बोल्ट सुटायला गेला तर तार त्याला आवळेल. लाकडी फळीवर डोक्यात भोक पाडलेले चार बोल्ट आणि बारीक बाइंडिंग तार एवढ्यात हे होतं. मुलींचे हात यात फार सुबक चालतात असं म्हणतात. माझ्या अनुभवात ज्याला घाई नाही त्याचे चालतात.

तुम्ही सांगलीत आहात, त्याचा उपयोग करून घ्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पातळ लाकूड कसं जोडतात, सांधा बसेपर्यंत किती वेळ हात लावत नाहीत, हे एक दिवस बघू दे. लाकडी विमानांचे कारागीर याच शिस्तीने काम करायचे. ओळखीच्या लेथवाल्याकडे शनिवारचे दोन तास नुसतं उभं राहू दिलं तरी खूप. मुंबईला गेलात तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान उभं आहे. बंगळूरला एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं, संग्रहालय आहे. फोटो कमी काढायला सांगा. झाकणं कुठे आहेत, रिवेटच्या ओळी कुठे दाट आणि कुठे विरळ, हे चितारून आणायला सांगा.

धोक्याचं थोडक्यात. ड्रोनची बॅटरी लिथियम-पॉलिमर असणार. फुगली असेल तर ती पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही. चांगली असेल तर चार्जिंगला मोठं माणूस जवळ हवं, रात्रभर कधीच नाही. सोल्डरिंग खिडकीपाशी, चष्मा लावून. ड्रोन पुन्हा बाहेर काढाल तेव्हा २५० ग्रॅमच्या आत ठेवा. २०२१ च्या नियमांत तो नॅनो वर्गात येतो आणि उडवणाऱ्याला परवान्याची गरज पडत नाही. त्याहून मोठ्यांसाठीचं रिमोट पायलट प्रमाणपत्र अठरा वर्षांआधी मिळत नाही. वर्ग कोणताही असो, विमानतळाच्या आसपास उडवायचं नाही. ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा, सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघायचा.

शिक्षणाची वाट बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. शाळेत न जाता परीक्षा देणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे, त्याच्या अटी त्या वर्षी मंडळाकडून विचारून घ्या. बारावीला मात्र भौतिक, रसायन, गणित तिन्ही हवेत, आणि एनआयओएसमधून करत असाल तर विषय किमान पाच. जेईईला एनआयओएसची बारावी चालते, त्यामुळे मुंबई, कानपूर, खरगपूर, मद्रास इथल्या आयआयटींतलं एरोस्पेस तिच्या आवाक्याबाहेर जात नाही.

दोन रस्ते वेगळे आहेत हे आताच समजून घ्या. विमानाचा आराखडा करायचा असेल तर इंजिनीअरिंगची पदवी. विमान दुरुस्त करून त्याला उड्डाणाची सही द्यायची असेल तर डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, मेंटेनन्स इंजिनीअरचा परवाना, त्याला पदवी लागत नाही. बारावीनंतर मान्यताप्राप्त संस्थेत बी-१.१ म्हणजे टर्बाइन विमानांची यांत्रिक बाजू, किंवा बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक बाजू, यांचा प्रत्येकी २,४०० तासांचा मूळ अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. एनआयओएसच्या बारावीबद्दल संस्थेकडून लेखी घ्या. ‘चालतं हो’ असं फोनवर सगळेच म्हणतात.

या क्षेत्रात जाहिराती मोठ्या आणि हँगर छोटे असा प्रकार पुष्कळ आहे. म्हणून प्रवेशाच्या आधी मुलीला घेऊन जा. संस्थेची मान्यता कोणत्या वर्गाला आणि कधीपर्यंत आहे, ते डीजीसीएच्या यादीत ताडून बघा. आवारातलं विमान रंगवून उभं केलेलं आहे की त्याचं इंजिन सुरू होतं, ते विचारा. कार्यशाळेत हत्यारांच्या फळीसमोर उभं राहून एक जागा रिकामी दिसली, तर ते हत्यार आत्ता कोणाकडे आहे, हे तिथल्या माणसाला विचारा. नोंदवहीत बघून नाव सांगितलं तर फीची बोलणी पुढे चालवा.